अळणी पिठलं

परवा पुन्हा कुठल्याशा तापाची बातमी आली. लांब, दुसऱ्याच राज्यात दोन-चार माणसं गेली म्हणे. झालं! तासाभरात आमच्या वाडीच्या ग्रुपवर लिंबू, हळद, कापूर, कांदा, सगळा बाजार मांडला गेला. एकाने लिहिलं, कोंबडी खाऊ नका. दुसऱ्याने लिहिलं, बाहेरच्या माणसाला गावात घेऊ नका. त्याखाली अंगठ्यांची रांग. माझ्या आत्याला चष्मा लावूनही फोन धड दिसत नाही, पण तिनेही सुनेकडून कसलातरी काढा सगळ्यांना पाठवला. मी फोन उलटा करून ठेवला. मला आता या गोष्टींचा राग येत नाही, कंटाळा येतो. एवढा कंटाळा की उठून चहा टाकायलाही नको वाटतं.

ही माणसं माझीच आहेत. ती कशाला घाबरतात आणि कशाला अजिबात घाबरत नाहीत, हे मी एकदा फार जवळून बघितलंय. तेव्हा पणाला लागला होता तो माझ्या आईचा जीव.

आमचं गाव दिघीच्या अलीकडे, खाडीच्या कडेला. बाजारहाट बोर्लीला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नवरा पेणला कारखान्यात, त्यामुळे मी आठवडाभर आईबाबांकडे राहायचे आणि सुट्टीला पेणला जायचे. सगळं बंद पडलं तेव्हा मी आईकडे होते, ती तिथेच राहिले. बाबांनी उभी हयात दिघी-आगरदांडा लाँचवर तिकिटं फाडली. या किनाऱ्याला आणि त्या किनाऱ्याला त्यांना ओळखत नाही असं माणूस सापडणं कठीण. आई घरातच असायची, पण तिचीही एक नोकरी होती, बिनपगारी. वाडीत लग्न असो की बारसं, मोठ्या टोपातली आमटी पंगतीला जाण्याआधी आईला बोलावणं यायचं. मीठ बघायला. ती पळीभर आमटी तळहातावर घ्यायची, चाटायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "दोन मुठी घाल," नाहीतर, "कोणाच्या हाताला एवढा जोर आलाय? पाणी वाढव." ती हो म्हणेपर्यंत पंगत थांबायची. अगदी नवरदेव उपाशी असला तरी.

या आईला दमा होता. जोडीला साखर. पावसाळा संपून थंडी पडायला लागली की तिच्या छातीतला आवाज मला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचा. म्हणून तो आजार आला तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आईची छाती. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो, हिला तो लागता कामा नये.

आणि माझीच ड्युटी लागली घरोघर फिरायची. आम्हा शिक्षकांच्या हातात एक ताप बघायचं पिस्तूल दिलं आणि एक बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. दारात उभं राहायचं आणि विचारायचं. ताप आहे का? खोकला? वास येतो का? जेवणाची चव लागते का? आतून कोणीतरी ढास लागून खोकत असायचं आणि दारातली बाई मला सांगायची, "आमच्याकडे कोणाला काय न्हाय हो, बाई." नाही तर नाही! मी पुढचं दार गाठायचे. उन्हात फिरून फिरून चपलेचे पट्टे पायावर उमटले होते.

गावाने तेवढ्यात आपली भीती नीट लावून घेतली होती. समिती नेमली, येणाऱ्या रस्त्यावर चिरे रचले. मुंबईहून आलेल्या पोरांना शाळेत ठेवलं आणि त्यांचं जेवण लांबून ढकललं. भाजी मिठाच्या पाण्यात, दुधाची पिशवी साबणात, नोटा उन्हात. एका घरी तर मी पाणी मागितलं तेव्हा त्यांनी ग्लास दिला आणि मी प्यायल्यावर तो माझ्यादेखत उकिरड्यावर टाकला. स्टीलचा ग्लास! मला हसू आलं, खोटं कशाला सांगू.

घरी आल्यावर मी मागच्या दाराने जायचे. विहिरीवर आंघोळ, कपडे तिथेच उकळत्या पाण्यात, आणि जेवण मागच्या पडवीत, वेगळ्या ताटात. आई आतल्या खिडकीतून माझ्याशी बोलायची. तिला हे अजिबात पटलेलं नव्हतं. "तुझ्या आजोबांनी धर्म बदलला तो शिवाशीव संपावी म्हणून," ती खिडकीच्या गजांतून म्हणायची, "आणि तू मेले, ती घरात आणलीस! तीपण आईशी." बाबा ओटीवरून हसायचे. मीही हसायचे. पण पडवी सोडली नाही. वर्षभर मी आईच्या अंगाला हात लावला नाही.

पहिलं वर्ष तसंच गेलं. आईला काही झालं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात बाबा गेले. दुपारचं जेवून ओटीवर आडवे झाले होते. छातीत कळ आली म्हणाले, पाणी मागितलं, ते आणेपर्यंत सगळं संपलं. आईने हंबरडा फोडला आणि मी, वर्षभर पाळलेलं सोवळं विसरून, ओटीवर धावले. बाबांच्या हाताला हात लावला तर तो अजून गरम होता.

एरवी आमच्या वाडीत असा आवाज आला की हातातलं काम टाकून माणसं धावतात. त्या दिवशी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे डोकी जमली आणि तिथेच थांबली. माझी आत्या, बाबांची सख्खी बहीण, चार घरं सोडून राहते. तीही गडग्यापलीकडेच. पदर तोंडावर धरून ती रडत होती, पण आत येत नव्हती. गावच्या समितीचे अध्यक्ष पुढे आले, हात जोडून.

"बाई, वाईट वाटतं हो. पण रिपोर्टशिवाय आम्ही काय करू शकत न्हाय."

"अहो, हार्टने गेले ते. सकाळी तुमच्याशीच बोलत होते ना रस्त्यावर?"

ते दोन पावलं मागे सरकले. बहुतेक सकाळचं बोलणं आठवलं असावं.

मयताला हात लावायला कोणी नाही, गाडी द्यायला कोणी नाही. शेवटी फोन केला चाचांना. चाचा म्हणजे बाबांची लाँच चालवणारे सारंग, म्हातारे, दिघीच्या मोहल्ल्यातले. दोघांनी एकत्र इतकी वर्षं काढली होती की भांडणंसुद्धा ठरलेली असायची. चाचा मुलाचा मासळीचा टेम्पो घेऊन आले. त्याला बर्फाचा आणि बोंबलाचा वास येत होता. "माफ कर बेटी," ते म्हणाले, "धुवायला वेळ नव्हता." आम्ही दोघांनी आणि टेम्पो चालवणाऱ्या त्यांच्या मुलाने बाबांना उचललं. दवाखान्यात नाकातून काडी घातली. मेलेल्या माणसाच्या. तिथल्या तिथे बघितलं तेव्हा काही निघालं नाही, दुसरा नमुना पुढे पाठवला आणि बाबांना आमच्या ताब्यात दिलं.

तरी स्मशानात आम्ही तिघंच. बाकीचे वळणापर्यंत आले. अग्नी मी दिला. बुद्धं सरणं गच्छामि म्हणताना मागून चार आवाज येतात, ते यायचे असतात. माझ्या मागून आला तो खाडीच्या वाऱ्याचा आवाज. चाचा टोपी डोक्यावर ठेवून, हात बांधून उभे होते. त्यांनाही वाटलं असावं की काहीतरी कमी पडतंय, कारण मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा ते माझ्याबरोबर नुसतंच "हां, हां" म्हणाले.

मला तेव्हा गावाचा संताप आला होता. आज विचार करते तर एवढंच वाटतं, त्या दिवशी त्यांनी आम्हाला वाळीत टाकलं तेच बरं होतं.

दोन दिवसांनी पुढे पाठवलेल्या नमुन्याचा रिपोर्ट फोनवर आला. निगेटिव्ह. मी खिडकीतून आईला वाचून दाखवला. ती उठून बसली. डोळे सुजलेले, केस पिंजारलेले, पण आवाज एकदम टणक.

"टाक तो ग्रुपवर. सगळ्यांना कळू दे, माझा माणूस रोगाने न्हाय गेला."

मी टाकला. आजही टाकला असता. बाबांचं नाव होतं ते.

आणि मग माणसं यायला लागली.

आमच्याकडे माणूस गेलं की घरातल्यांनी काही दिवस चूल पेटवायची नसते. नातेवाईक, शेजारी पिठलं-भाकरी करून आणतात आणि समोर बसून दुखवट्यातल्या माणसाला भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. आजोबांनी धर्म बदलला तेव्हा पुष्कळ जुनं सोडून दिलं, पण कडू घास राहिला. जेवणाशी कोण भांडणार! तर पहिला घास घेऊन आली आत्या. टोपावर ताट, ताटावर फडकं, आणि दारातूनच गळा काढलेला. "वहिनीऽऽ" करत ती आत घुसली आणि आईच्या गळ्यात पडली. दोघी एकमेकींच्या खांद्यावर तोंड ठेवून रडल्या, अशा की मलाही आत जावंसं वाटलं.

मी खिडकीतून ओरडले, "आत्या, मास्क!"

"रिपोर्ट निगेटिव्ह हाय ना? मग?" ती म्हणाली. "आणि तोंड झाकून रडायचं कसं गो?"

मी माझाच मास्क वर ओढला.

आत्यापाठोपाठ वाडी आली. वाडीपाठोपाठ बोर्लीचे, पलीकडच्या आगरदांड्याचे, मुरुडचे. लाँचवर बाबांनी ज्यांची पोरं कडेवर घेऊन उतरवली होती ती माणसं, ज्यांना सुट्टे नसताना "जा, उद्या दे" म्हणाले होते ती माणसं. मोहल्ल्यातल्या बायका खजूर घेऊन आल्या. चाचा येऊन गेले. आतली खोली आमची ती केवढी! त्यात खाली चटईवर बायका दाटीवाटीने बसलेल्या, वर पंखा, आणि आई मध्ये. बाहेर ऊन भाजत होतं म्हणून खिडक्याही ओढून घेतलेल्या. नव्याने आलेली बाई आईच्या गळ्यात पडायची आणि रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.

सगळ्यात जास्त वेळ बसली ती मयताला न आलेली माणसं. अपराध्यासारखी बसली. समितीचे अध्यक्ष बायकोला घेऊन आले, तिने आईचे पाय धरले. आईने तिला उठवून जवळ घेतलं. ज्यांनी दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, ज्यांनी माझा उष्टा ग्लास उकिरड्यावर टाकला, ती सगळी एका खोलीत एकमेकांचा श्वास घेत बसली होती. कोणाला कसली म्हणून भीती नव्हती. भीती होती ती बाहेरच्याची, परक्याची, मेलेल्याची. आपल्या माणसाकडून, तेही ते रडत असताना, काही होतं यावर आमच्या लोकांचा विश्वासच नाही.

अरे, रिपोर्ट मेलेल्या माणसाचा होता! जिवंतांपैकी एकाचाही कोणी काढला नव्हता.

मी सांगून बघितलं. दारात पाटी लावली, ती वाऱ्याने पडली, नंतर कोणीतरी त्यावर चपला काढल्या. दोघी-तिघींना बाहेरच थांबवलं तर केवढं बोलणं ऐकलं. "शिकलेल्या पोरी अशाच. बाप गेला तरी डोळ्यात पाणी न्हाय." "लेक असून आईजवळ बसत न्हाय, मागे पडवीत जेवते एकटी." हे मी पडवीतूनच ऐकलं. जेवण गिळत होते.

संध्याकाळी माणसं पांगली की मी खिडकीशी जाऊन आईशी भांडायचे.

"आई, पुरे आता. सांग त्यांना, नका येऊ. तुझी छाती काय, तुझी साखर काय."

"येऊ दे गो."

"अगं, यातल्या एकीला जरी असला ना…"

"तुझ्या बाबांच्या मयताला तीन माणसं होती," ती म्हणाली. "तीन. दोन किनारे ओळखत होते त्यांना. आता येतायत तर मी दार लावू?"

माझी सगळी माहिती, प्रशिक्षणात दाखवलेले व्हिडिओ, सगळं त्या एका वाक्यापुढे थिटं पडलं. मी गजांवर डोकं टेकून उभी राहिले. आईने आतून माझ्या बोटांवर हात ठेवायला हात पुढे केला. मी बोटं काढून घेतली. मला भीती माझीच होती ना. दिवसभर मी कोणाकोणाच्या दारात उभी राहून आलेली.

आठवडा होत आला होता. एका दुपारी आत्या टोप आणि ताट घेऊन मागे पडवीत आली. माझंही जेवण तिनेच आणलं होतं. पायरीवर बसून तिने घाम पुसला, थोडं खोकली, "ही धूळ मेली," म्हणाली आणि तक्रार सुरू केली.

"वहिनीपुढे हात टेकले बाय मी. दोन दिवस झाले, पिठलं अळणी म्हणून बाजूला सारते. काल म्हटलं, बरं, मीठ वाढवते. तरी अळणी. आज मिरच्या घातल्या मूठभर. म्हणते, वन्सं, पाण्यात पीठ कालवून आणलंत काय?"

आतून दुसरी बाई म्हणाली, "तसंच असतं. माझे हे गेले तेव्हा मला साखरसुद्धा मातीसारखी लागायची."

"जीभच मरते बाईमाणसाची," तिसरी म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली.

आणि त्यांचं काही चुकत होतं असंही नाही. कडू घास चवीने खायचाच नसतो. नवरा गेल्यावर आठवड्यात जी बाई म्हणेल, पिठलं काय छान झालंय, तिला आमच्याकडे वर्षभर नावं ठेवतील. आईला चव लागत नव्हती, हे सगळ्यांना बरोबरच वाटलं. शोभून दिसलं. आईलाही तसंच वाटलं असणार.

मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, तोंडात टाकला. आई गं! जिभेपासून कानापर्यंत जाळ. डोळ्यांतून पाणी आलं. आणि मीठ एवढं, की समुद्र प्यायल्यासारखं. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आत्या, आईने हेच खाल्लं?"

"व्हय, ह्याच टोपातलं."

"आणि अळणी म्हणाली?"

"व्हय तर."

पाचशे माणसांच्या आमटीतलं मूठभर मीठ ओळखणारी माझी आई. मी वर्षभर दारोदार जाऊन हाच प्रश्न विचारत होते. चव लागते का? हातातलं ताट खाली ठेवल्याचंही मला आठवत नाही. ड्युटीच्या पिशवीतला ऑक्सिमीटर घेतला आणि पुढच्या दाराने, बायकांना ओलांडत आईपुढे जाऊन बसले. इतक्या दिवसांनी इतक्या जवळून बघितलं तेव्हा दिसलं, तिचे ओठ काळपट झालेत. श्वास वरच्या वर चाललाय. मी तिचं बोट धरलं. आकडा फार खाली होता. मी तिचं बोट पुसून पुन्हा लावलं, तरी तोच.

"काय गो?" आईने विचारलं.

माझ्या तोंडाकडे बघूनच बायकांना कळलं. आधी लुगड्यांची सळसळ झाली, मग दारात चपला शोधायची घाई. एकीने उजव्या पायात दुसरीचीच चप्पल घातली आणि तशीच गेली. हां हां म्हणता खोली रिकामी. तासाभरात समितीने गडग्याला पिवळी फीत बांधली. भीती पुन्हा ठिकाणावर आली होती, फक्त उशिरा.

आत्या तेवढी अंगणात उभी राहिली. पडवीतून आणलेला टोप तिच्या हातात तसाच होता.

रुग्णवाहिका आली. अलिबागला खाट मिळाली, आणि तिकडे जायचं तर खाडी ओलांडून जवळ. म्हणून आईला घेऊन मी दिघीच्या धक्क्यावरून, बाबांच्याच वाटेने, गाड्या नेणाऱ्या मोठ्या बोटीतून पलीकडे निघाले. तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली. बोट हलली तशी तिने नळी जरा बाजूला केली आणि मला विचारलं, "तिकीट काढलंस का?"

"काढलं."

"बघ हां. तुझे बाबा असते तर आपल्याला पहिलं विचारलं असतं."

मी हसले आणि त्याच हसण्यात रडले. तिचा हात धरला. रबरी हातमोज्यातून का होईना, धरला. मग काशीदपर्यंत तो सोडला नाही. तिथला किनारा ओस पडला होता. एरवी उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. आईने गाडीच्या खिडकीतून बघितलं आणि डोळे मिटले.

दवाखान्याच्या दारात तिला आत नेताना ती मला म्हणाली, "वन्संना काय बोलू नको."

"मी कशाला बोलू?"

"बोलशील तू. मला माहीत हाय तुझं डोकं." दम लागला, ती थांबली. "पिठलं तिने चांगलंच केलं असणार. मला लागलं न्हाय, त्याला ती काय करेल?"

एवढंच. मग दार लागलं.

काही दिवस ती तिथे होती. मी बाहेर. आतून एक परिचारिका फोनवर सांगायची, आज थोडं बरं आहे, आज थोडं कमी आहे. त्या मुलीने जीव तोडून केलं, मला कोणाला दोष द्यायचा नाही. मग एका सकाळी तिचा आवाज ऐकूनच मला कळलं. आईचं सगळं तिथेच झालं. मी लांबून बघितलं. या वेळी तर मी त्रिशरणही मनातल्या मनातच म्हटलं.

तो आजार आईपर्यंत कोणी आणला, हे आजही कोणाला माहीत नाही. आगरदांड्याच्या कोणी, बोर्लीच्या कोणी, अध्यक्षांच्या बायकोने, आत्याने. मीही असू शकते, दारोदार फिरलेली. सुरुवातीला मी रात्रंदिवस हाच हिशेब करत बसायचे. नंतर सोडून दिला. ज्याने आणला त्याने तो रडताना आणला, आईला कुशीत घेताना आणला. त्याला धरून विचारणार काय?

माझी तपासणी झाली, काही निघालं नाही. तरी घरी आले ती पिवळ्या फितीच्या आत. नवऱ्याला येऊ नको म्हणून सांगितलं. ओटीवर बाबांचा पंखा, आत आईचा दम्याचा पंप तसाच पडलेला. पडवीत माझं ताट, त्यातलं पिठलं सुकून तडकलेलं. मी एकटी होते, हव्या त्या खोलीत बसू शकत होते. सवयीने पडवीतच बसले.

आता कोणी येणार नव्हतं. येऊ नयेच, असं मीच वर्षभर सांगत आले होते. अखेर लोकांनी माझं ऐकलं होतं. चूल पेटवायची इच्छा नव्हती आणि पेटवायची नसतेही. मी पाणी पिऊन बसले.

दिवस कलता कलता रस्त्यावरून हाक आली. आत्या. तोंडाला मास्क, त्यावर पदर, त्यावर आणखी एक रुमाल. गडग्यावर टोप ठेवून ती मागे, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती.

"घास आणलाय गो. मीच केला. तुला चालत असेल तर खा."

"चालतं," मी म्हणाले. अन्नातून तो आजार येत नाही, हे मी अख्ख्या गावाला सांगून थकले होते.

फडकं काढलं. पिठलं-भाकरी. मी गडग्याशीच उभी राहून एक घास तोंडात घातला.

काहीच लागलं नाही.

मीठ नाही, मिरची नाही, काही नाही. पाण्यात कालवलेलं पीठ. आत्या रस्त्यापलीकडून बघत होती. मी आत गेले. आईच्या मिठाच्या बरणीत हात घातला, एक खडा उचलला आणि जिभेवर ठेवला.

खारट. कचकचीत खारट.

म्हणजे जीभ माझी शाबूत होती. पिठल्यातच मीठ नव्हतं. मी बरणीवर हात ठेवून उभी राहिले. मग हळूहळू डोक्यात आलं, आत्याने आयुष्यात कधी अळणी केलं नाही. हात चुकला तर तो मीठ जास्त पडून चुकला.

बाहेर आले. तिने तिथूनच विचारलं, आवाज बसलेला होता.

"मीठ बघितलंस का गो? बरोबर हाय ना? कालपासून मला जिभेला कायच कळत न्हाय. वहिनी असती तर तिला दाखवलं असतं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. किती दिवसांचं साठलं होतं. आईने दारात जे सांगितलं होतं ते मधे आलं.

"बरोबर आहे, आत्या," मी म्हणाले. "मीठ अगदी बरोबर आहे."

मग पिशवीतून ऑक्सिमीटर काढला, टोपाशेजारी गडग्यावर ठेवला आणि मागे सरकले.

"ये इकडे. बोट घाल त्यात."

ती रस्ता ओलांडून आली आणि लहान पोरीसारखं मुकाट्याने बोट पुढे केलं.